लग्नाच्या वाढदिवसाचं कार्ड आणि भेटवस्तू: एआयची मदत घेतली आहे का कुणी?

सायली_ठाणे

मंडळी, डिसेंबरात आमच्या लग्नाला २० वर्षं होतील. हे मस्कतला असतात, नेमके त्याच आठवड्यात सुट्टीवर येतायत. या वेळी दुकानातलं कार्ड नको, खास त्यांच्यासाठी म्हणून केलेलं काहीतरी द्यावं असं फार मनात आहे. लेक म्हणाली, एआयला विचार. विचारलं. भेटवस्तूंच्या यादीत पाकीट, घड्याळ, परफ्यूम, फोटो छापलेला मग आणि सुगंधी मेणबत्त्या आल्या. कार्डासाठी मराठी मजकूर मागितला, तर हा मिळाला:

‘प्रिय पतिदेव, तू माझ्या जीवनातील सूर्यप्रकाश आहेस. तुझ्यासोबतचा प्रत्येक क्षण हा एक सुंदर आशीर्वाद आहे.’

मी यांना अहो म्हणते. आणि सूर्यप्रकाश वगैरे आमच्याकडे कुणी बोलत नाही. कुणी या साधनांकडून नीट काम करून घेतलंय का? आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं: असं कार्ड दिलं तर ते माझं म्हणायचं का? बजेट साधारण ५,००० रुपये.

खडीसाखर

सायली, तू ‘नवऱ्यासाठी भेट सुचव’ एवढंच सांगितलं असणार. त्याला तुझा नवरा माहीत नाही, नेटवरचे समस्त नवरे माहीत आहेत. मी गेल्या पाडव्याच्या आधी उलटं केलं. सांगितलं, तू काही सुचवू नकोस, आधी मला प्रश्न विचार, एका वेळी एकच. त्याने विचारलेल्यातला एक प्रश्न असा होता: तुमच्या घरात अशी कुठली वस्तू आहे, जी वापरात नाही पण ते टाकूही देत नाहीत?

मी उत्तर टाइप करत होते आणि तिथेच थांबले. सासूबाईंचा तंबोरा. माळ्यावर, जुन्या चादरीत गुंडाळलेला, तारा गंजलेल्या, भोपळ्याला तडा. मिरजेच्या सतारमेकरांकडे नेला. त्यांनी तडा सांधला, नव्या तारा चढवल्या, घोडीची जवारी काढून दिली, म्हणजे तारा गुंजाव्यात म्हणून घोडी घासून दिली. पाडव्याला ओवाळणी यांनी मला घालायची असते, पण त्या दिवशी मीच यांच्या हातात तंबोरा दिला. हे गात नाहीत. तरी रोज संध्याकाळी पाच मिनिटं छेडत बसतात.

बंड्या_नाना

म्हणजे प्रश्न त्याने विचारले, उत्तरं तुम्ही दिलीत, कल्पना तुम्हाला सुचली आणि मिरजेला तुम्हीच गेलात. आमचे साहेब असंच काम करतात आणि वर्षअखेर बढती घेतात!

वडाची_पारंबी

माझं मत वेगळं आहे आणि ते मी स्पष्ट मांडते. भेटवस्तू शोधायला यंत्र वापरा, रंग निवडायला वापरा, काही हरकत नाही. पण कार्डातला मजकूर स्वतः लिहा. दोन ओळी लिहा, वेलांट्या चुकल्या तरी लिहा. समोरचं माणूस त्या दोन ओळींत तुम्हाला शोधत असतं. तिथे दुसऱ्याचे शब्द सापडले तर त्याला कळतं. वीस वर्षं सोबत काढलेल्या माणसाला तर नक्कीच कळतं.

टपाली

मी टपाल खात्यात नोकरी केली, त्यामुळे या विषयावर थोडं बोलायचा हक्क सांगतो.

मुंबईच्या जीपीओसमोर ताडपत्री बांधून पत्रलेखक बसायचे. गावाकडून आलेले हमाल, गिरणी कामगार, कामाठीपुऱ्यातल्या बायका त्यांच्याकडून पत्रं लिहून घ्यायच्या. चांगला पत्रलेखक लगेच लेखणी उचलत नसे. आधी विचारायचा, घरी कोण कोण आहे, शेवटचं पत्र कधी आलं, पाऊस झाला का, म्हैस व्यायली का. मग लिहायचा. अक्षर त्याचं, मायना त्याचा, पण निरोप पाठवणाऱ्याचाच. गावात पत्र वाचून दाखवलं जायचं, तेव्हा बायको अक्षर कुणाचं हे बघत बसायची नाही. तिच्या म्हशीची चौकशी केलीय, हे ऐकायची. मोबाइल आल्यावर ही पत्रं थांबली आणि ते लोक पार्सलं शिवून देऊ लागले.

खडीसाखर यांनी जे केलं ते तेच आहे. यंत्राला पत्रलेखक करा, कवी करू नका.

वडाची_पारंबी

टपालीकाका, तुमचा प्रतिसाद आवडला, पण एक फरक उरतोच. तो हमाल लिहू शकत नव्हता. आपण लिहू शकतो. ज्याला लिहिता येतं त्याने लिहिण्याचं काम दुसऱ्याला द्यावं का, हा माझा मुद्दा आहे.

निखिल_पुणे

पारंबीताई, लिहिता येणं आणि मनातलं लिहिता येणं यात अंतर आहे हो. आमच्या पिढीतल्या मुलांनी आईबाबांना ‘आय लव्ह यू’ म्हणताना कधी ऐकलेलं नाही. नव्वदच्या दशकात आर्चीजच्या दुकानात तासभर उभं राहून कार्डं चाळणारी मुलं कुणाच्या ओळी निवडत होती? त्या ओळीही दुसऱ्याच्याच, वर इंग्रजीत. पण निवड त्यांची होती आणि ती मनापासून होती.

रेवती_यूट्रेख्त

माझा नवरा डच. मराठी जेमतेम, ‘जेवलीस का’ आणि ‘पाऊस आहे’ इतपत. गेल्या वाढदिवसाला त्याने मला मराठीत पत्र लिहिलं, एआयच्या मदतीने. पहिलंच वाक्य: ‘मी रोज संध्याकाळी स्टेशनवर तुझी वाट बघते.’ पुढेही सगळीकडे ‘करते’, ‘जाते’, ‘सांगते’. त्याने यंत्राला हे सांगितलंच नव्हतं की लिहिणारा पुरुष आहे. पण स्टेशन खरं होतं, सायकल स्टँडजवळचा तो खांब खरा होता, आणि माझ्या हातातली पिशवी आधी घेतो मग बोलतो हेही त्याने लिहिलं होतं. ते पत्र मी आईला फोनवर वाचून दाखवलं.

सायली, म्हणून आधीच सांगून ठेव: लिहिणारी बाई आहे, नवऱ्याला अहो-जाहो करते, वाक्यं लहान हवीत, उपमा नकोत. खूप फरक पडतो.

अक्षरवेडा

कार्डाच्या चित्राबद्दल लिहितो, कारण तिथे बरेच जण अडकतात. मी अक्षरांच्याच धंद्यात आहे.

चित्र काढणारी मॉडेलं अक्षर लिहीत नाहीत, अक्षराचं चित्र काढतात. ‘लग्नाच्या हार्दिक शुभेच्छा’ एवढे तीन शब्द घ्या. त्यात ग्न आहे, च्य आहे, च्छ आहे आणि ‘र्दि’ आहे, जिथे पहिली वेलांटी आणि रफार एकाच डोक्यावर बसतात. यंत्र हमखास तिथेच गडबडतं. रफार शेजारच्या अक्षरावर जातो, च्छ चा गुंता होतो. नवी मॉडेलं बरीच सुधारली आहेत, तरी अक्षर न् अक्षर तपासल्याशिवाय छापायला देऊ नका.

सोपा मार्ग म्हणजे चित्र विनामजकूर काढून घ्या, ‘वरचा एक तृतीयांश भाग मोकळा ठेव’ असं सांगा, आणि अक्षरं कॅन्व्हात किंवा दुसऱ्या कुठल्या साधनात स्वतः बसवा. फुकट मिळणारे देखणे फॉन्ट आहेत: ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बलू, आयआयटी मुंबईचा शोभिका, राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा, शिवाय तिरो देवनागरी मराठी. कार्डाला मला शेवटचा सगळ्यात आवडतो, त्याला जुन्या छापील पुस्तकाचा डौल आहे.

आणि ल, श बघून घ्या. पुष्कळ फॉन्टमध्ये मुळात हिंदी वळणाचे ल आणि श येतात. आपला ल पाकळीचा, श देठाचा. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयातही हीच वळणं प्रमाण धरली आहेत. ‘सायली’तला ल हिंदी वळणाचा आला तर नाव परकं दिसतं.

घाटावरची

अक्षरवेडा, वाचनखूण साठवली. छपाईचंही सांगा ना. मी मोबाइलवरून दिलेलं चित्र छापून आलं ते फुटलेलं होतं.

अक्षरवेडा

साधं गणित आहे. एआयची चित्रं बहुधा १०२४ बाय १५३६ पिक्सेलच्या आसपास येतात. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके धरतात, म्हणजे ते चित्र साधारण ८.७ बाय १३ सेंटिमीटरपर्यंतच स्वच्छ उमटेल. पोस्टकार्डाच्या आकाराचं, ए-६ कार्ड त्याहून थोडंच मोठं असतं, तेवढं चालतं, सुंदर येईल. ए-४ वर ताणलं तर फुटणारच. मूळ फाइल द्या, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, ते चित्र दाबून लहान करतं. पाठवायचंच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. कागद ३०० जीएसएम मॅट, म्हणजे जाड आणि बिनचकाकीचा. आणि घडी हाताने घालू नका, दुकानात क्रीज मारून घ्या, नाहीतर घडीवर रंग उडतो.

दर्यावर्दी

मी बोटीवर असतो. बायकोसाठी एआयकडून गाणं करून घेतलं, शब्द माझे, चाल आणि आवाज यंत्राचा. चाल गोड झाली. पण ‘चांदणं’ चंद्रातल्या ‘च’ने म्हटलं आणि ‘डोळे’ चे ‘डोले’ झाले. शेवटी मी शब्दच वेगळे लिहिले, ‘त्सांदणं’ असं. मग नीट म्हटलं. ‘ळ’ काही केल्या जमला नाही, म्हणून त्या ओळीत डोळ्यांऐवजी ‘नजर’ घातली. बायकोला गाणं आवडलं. पण तिने पुन्हा पुन्हा ऐकला तो गाण्याआधी मी बोललेला अर्ध्या मिनिटाचा निरोप, ज्यात मागे इंजिनाचा आवाज आहे.

वकीलीण_नाशिक

सगळ्यांना एक विनंती. जोडीदाराचे फोटो, जुनी पत्रं, व्हॉट्सॲपवरचं खाजगी बोलणं कुठल्याही फुकट ॲपात टाकण्याआधी थांबा. मोठ्या चॅटबॉटांच्या सेटिंगमध्ये ‘माझं संभाषण प्रशिक्षणासाठी वापरू नका’ हा पर्याय असतो, तो आधी निवडा. तात्पुरती चॅटही असते, ती वापरा. अनोळखी फोटो ॲपांपासून लांबच राहा.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, पण एखाद्या व्यक्तीने घरगुती, वैयक्तिक कारणासाठी केलेल्या वापराला तो लागू नाही. म्हणजे नवऱ्याचा फोटो तुम्ही कुठे टाकलात हे ठरवायला कायदा तुमच्या घरात येणार नाही. तो विश्वास तुम्हा दोघांतलाच आहे, आणि म्हणूनच तो जपायला हवा. सरप्राइज असेल तर चेहरा नसलेलं चित्र करा. घर, झाड, वाट, जुनी स्कूटर, काहीही.

घाटावरची

चेहऱ्याबद्दल पूर्ण अनुमोदन, आणि वेगळ्या कारणानेही. आजी-आजोबांच्या लग्नाचा १९६८ चा कृष्णधवल फोटो रंगीत करून घेतला. आजीच्या मोत्याच्या नथीच्या जागी साखळी लावलेली मोठी गोल रिंग आली, आजोबांच्या मुंडावळ्यांची हेडफोनची वायर झाली, आणि आजीचा चेहरा कुठल्यातरी मालिकेतल्या बाईसारखा गुळगुळीत. आजोबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “बाई देखणी आहे, पण ही आपली सुशी नव्हे.” मग गावातल्या स्टुडिओवाल्याला मूळ फोटो दिला. त्याने फक्त घड्या आणि डाग काढले, बाकी तसंच ठेवलं. तोच आता भिंतीवर आहे.

कोकणकन्या

भेटवस्तूंकडे वळू या का? एआयला ‘महाराष्ट्रातल्या हस्तकला, अमुक बजेट, अमुक आवड’ असं नेमकं विचारलं तर बऱ्या गोष्टी निघतात. मला त्यातून सावंतवाडीची गंजिफा आठवली. मी तिथलीच, पण नवऱ्याला द्यावी हे कधी डोक्यात आलं नव्हतं! गोल पत्ते, हाताने रंगवलेले. दशावतारी गंजिफेत १० अवतारांचे १० रंग आणि प्रत्येकाची १२ पानं, एकूण १२० पत्ते. राजवाड्यात अजून कलाकार बसून रंगवतात. आम्ही दोघं आता रविवारी खेळायला शिकतोय. नियम जड आहेत, भांडणं होतात, पण भांडायला समोरासमोर बसावं लागतं!

किंमत आणि दुकानाचा पत्ता मात्र एआयने सांगितलेला धरून चालू नका. बंद झालेलं दुकान, कधीच नसलेली वेबसाइट, काहीही ठासून सांगतं. फोन करून खात्री करा.

पैठणीवेडी

याला जोडूनच. माझ्या भावाने वहिनीसाठी एका जाहिरातीतून ‘अस्सल हातमाग पैठणी, फक्त ३,५०० रुपये’ मागवली. या किमतीत हातमागाची रेशमी पैठणी येतच नाही. फोटो नीट पाहिले तर पदरावरच्या एका मोराला दोन चोची होत्या, म्हणजे फोटोसुद्धा यंत्राने काढलेला. साडी आलीच नाही.

पैठणी घ्यायची तर येवल्याला जा, विणकराकडे माग चालू असताना बघा. पदर उलटा करा. हातमागावर विणलेल्या पैठणीची नक्षी मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, लोंबणारे धागे नसतात. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

बंड्या_नाना

धागा गंभीर झाला. प्रेमाचा विषय आहे, उखाणे येऊ द्या की. मी यंत्राकडे मागितला, हा मिळाला:

‘आकाशात चमकतात तारे, समुद्रात असतात लाटा,
…रावांचं नाव घेते, आनंदाच्या या क्षणी.’

यमक कुठे गेलं, ते शोधायला माणूस पाठवलाय.

खडीसाखर

नाना, हे घ्या, सायलीसाठी:

मस्कतच्या उन्हात खजुराचं झाड,
…राव येणार म्हणून उघडलं कवाड.

घाटावरची

माझाही:

विमानतळावर उभी मी, हातात घेऊन गजरा,
…रावांच्या वाटेकडे लागल्यात नजरा.

टपाली

वा! कार्डाच्या मागच्या बाजूला यातला एक जाऊ द्या.

सायलीताई, बजेटात बसणारी एक गोष्ट सुचवतो. टपाल खात्याची ‘माय स्टॅम्प’ योजना २०११ पासून आहे. तुमच्या पसंतीचा फोटो असलेली १२ तिकिटांची शीट मिळते, आणि ती खरी तिकिटं असतात, पत्राला चिकटवता येतात. मोठ्या टपाल कार्यालयात, फिलाटेलिक ब्यूरोत (तिकीटसंग्रहाच्या विभागात) चौकशी करा. यजमान परत मस्कतला गेले की तुमच्याकडची पत्रं त्या तिकिटांनी पाठवा.

सायली_ठाणे

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. उखाणे लेकीला वाचून दाखवले, तिने दोन्ही पाठ केले.

खडीसाखरची युक्ती करून पाहिली. यंत्राने विचारलं, ते लांब असताना कशाची चौकशी करतात? मी लिहिलं, कढीपत्त्याची. गॅलरीतल्या कुंडीत त्यांनी लावलेला आहे. दर फोनला आधी लेकीच्या अभ्यासाचं विचारतात, मग कढीपत्त्याचं. उन्हाळ्यात तो पार वाळला होता, तेव्हा रोज विचारायचे. माझ्या तब्येतीचं थेट कधी विचारत नाहीत, पण ‘कुंडी उचलू नकोस, वॉचमनला सांग’ हे प्रत्येक वेळी.

यंत्राने या सगळ्याचं पुन्हा एक गोड पत्र करून दिलं, त्यात ‘आपल्या प्रेमाचा कढीपत्ता’ असं होतं. ते मी ठेवलं नाही. पारंबीताई म्हणाल्या तसं दोन ओळी स्वतः लिहिल्या:

‘अहो, कढीपत्त्याला नवी पालवी आली आहे. कुंडी मी उचलली नाही. या वेळी महिनाभर राहा.’

चित्रासाठी वकीलीणताईंचं ऐकलं, चेहरे नाहीत, फक्त गॅलरीचा फोटो देऊन रेखाचित्र करून घेतलं. आधी कढीपत्त्याच्या जागी तुळस आली, मग तमालपत्रासारखी सुटी मोठी पानं. शेवटी कढीपत्त्याची एक डहाळी तोडून, पांढऱ्या कागदावर ठेवून तिचा फोटो दिला, तेव्हा एका काडीवर दोन्ही बाजूंनी बारीक पानं नीट आली. अक्षरं तिरो देवनागरी मराठीत बसवली, ल पाकळीचा आहे! आणि त्याच रेखाचित्राची तिकिटं करता येतील का, हे विचारायला सोमवारी टपाल कार्यालयात जातेय.

हे यंत्राच्या मदतीने केलंय, असं यांना सांगणार आहे. लपवावं असं त्यात काही वाटत नाही.

वडाची_पारंबी

सायली, या तीन वाक्यांना कुणीही हात लावू नये. चित्र यंत्राने काढलं तरी माझी आता काही तक्रार नाही.

निखिल_पुणे

‘महिनाभर राहा’ वाचून मी उठून आईला फोन केला. बाबा पंधरा वर्षं दुबईला होते.

रानवारा

धागा उशिरा वाचतोय, पण माझी अडचण उलटी आहे. पाडव्याला बायकोला काय द्यावं? एआयने दागिने, साडी, स्पा असं सांगितलं. प्रश्न विचारायला लावलं, तर निम्म्या प्रश्नांची उत्तरंच मला येत नाहीत. तिची आवडती भाजी विचारली, मी तिची म्हणून माझीच सांगितली असावी.

खडीसाखर

मग रानवारा, ती यादी बंद न करता तशीच ठेव. उत्तर न आलेले प्रश्न कागदावर उतरव आणि पाडव्यापर्यंत तिलाच एकेक विचार, जेवताना, भाजी निवडताना, सहज. तिच्या बहिणीलाही फोन कर, बहिणींना सगळं ठाऊक असतं. साडीच घ्यायची ठरली तर पैठणीवेडीला व्यनि (व्यक्तिगत निरोप) टाक, ती येवल्याला कुणाकडे जायचं ते सांगेल.

पैठणीवेडी

सांगते की. दिवाळीच्या आधी मात्र तिथे गर्दी फार असते, नवरात्रातच जाऊन ये. आणि बायकोला सोबत ने. सरप्राइज राहणार नाही, पण रंग तिचा तिला निवडू दे.